सहा पावसाळे उघड्यावर पडलेली फायबर होडी: मॅट आणायच्या आधी हातोडी घ्या

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. काकांची 20 फुटी फायबर होडी दाभोळ खाडीकाठी माडांखाली सहा वर्षं पडून आहे, तीसुद्धा सरळ, उलटी नाही, म्हणजे दर पावसाळ्यात आत पाणी साठत होतं. बुडाला दोन-तीन जुने पॅच, मागे इंजिन बसतं तिथे भेगा, 9.9 एचपीचं इंजिन लावायचंय आणि हातात 30,000 रुपये. कुणीतरी सांगितलंय की बाहेरून अख्ख्या होडीवर मॅटचा, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चादरीचा, एक थर मारा, वरून एपॉक्सी पेंट, झाली नवी. आणि तुम्ही विचारताय रेझिन, म्हणजे मॅट ज्यात भिजवून कडक करतात तो चिकट द्रव, कुठलं घेऊ.

रेझिनचं सांगतो, पण तो प्रश्न चौथा की पाचवा आहे. पहिला हा, की त्या होडीत अजून होडी किती शिल्लक आहे.

फायबर कुजत नाही हे खरंच, आणि नेमके ह्याच वाक्यावर लोक फसतात. कारण आपल्याकडच्या छोट्या होड्या नुसत्या फायबरच्या नसतात, मागची पाटी म्हणजे ट्रान्सम, त्याच्या पोटात प्लायवूड असतं, बुडाला ताकद द्यायला आतून लांबीच्या दिशेने जे पट्टे म्हणजे स्ट्रिंगर असतात त्यांच्या पोटात लाकूड असतं, बाकांखाली फोम किंवा थर्माकोल कोंबलेला असतो. इंजिनच्या बोल्टच्या भोकातून, कुठल्या तरी स्क्रूमधून पाणी आत शिरतं आणि दोन्हीकडून फायबर असल्यामुळे बाहेर यायला वाट नसते. प्लाय आत चहात बुडवलेल्या टोस्टसारखं होतं आणि बाहेरून होडी ठणठणीत दिसते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सहा वर्षं ती टाकीसारखी भरून राहिली, म्हणजे ओलं झालंय का हा प्रश्नच नाही, किती आणि कुठे एवढंच शोधायचंय.

आणखी एक, गावात कुणीतरी म्हातारा नाखवा तुम्हाला सांगणार की दोन दिवस पाण्यात सोडून ठेव, आपोआप बसेल. त्यांचं चूक नाही, लाकडी होडीला ते लागू होतं, सुकलेल्या फळ्या पाणी पितात, फुगतात आणि सांधे मिटतात. फायबर फुगून काही मिटत नाही. इथे पाणी पाजलं तर फक्त दुखणं वाढतं.

तर आधी तपासणी, तिला एक रुपयाही लागत नाही. होडी रिकामी करा, गोड्या पाण्याने धुवा, मग छोटी हातोडी किंवा जाड स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर टकटक करत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, जिथे थर सुटलेत किंवा आत कुजलंय तिथे थप्प येतो, ओल्या भिंतीवर मारल्यासारखा. दहा मिनिटांत कान तयार होतो. थप्प येईल तिथे खडूने गोल करा. मग ट्रान्समला आणि स्ट्रिंगरला आतल्या बाजूने, बाहेरून नाही हं, 4 मिमीच्या बिटने थोडी थोडी भोकं पाडा आणि काय निघतंय ते बघा. कोरडा पिवळसर भुसा आला तर देवाला नारळ द्या. काळपट ओला चोथा आला, आंबूस वास आला, तर तो भाग गेला. ही भोकं नंतर बुजवता येतात, घाबरू नका. इंजिन हाताशी असेल तर ते ट्रान्समवर बसवून खालचा पाय धरून वर-खाली जोर द्या आणि दुसऱ्याला भेगांकडे बघायला सांगा. भेग श्वास घेतल्यासारखी उघडमीट झाली तर आतल्या लाकडात जीव नाही.

इथून पुढे सगळं त्या भोकांवर अवलंबून आहे आणि म्हणून मी इथे बसून तुम्हाला हो किंवा नाही सांगू शकत नाही. नुसता ट्रान्सम गेला असेल तर 30,000 मध्ये तुमची स्वतःची मेहनत धरून मला होण्यासारखं वाटतं. ट्रान्सम आणि एखादा स्ट्रिंगर, तर ओढाताण होईल. पण दोन्ही स्ट्रिंगर गेले, बुडावर उभं राहिल्यावर पायाखाली ते पत्र्यासारखं दबतंय, आणि बूड जिथे बाजूला वळतं त्या कडेला लांब आडवी चीर आहे, असं तिन्ही असेल तर मी माझ्या भावालाही म्हणेन की राहू दे, काकांची आठवण म्हणून तिच्यात अळू लाव.

आता तो अख्ख्या होडीवर एक थर मारायचा सल्ला. 20 फुटी होडीचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण 17 चौरस मीटर धरू. 450 ग्रॅमची मॅट म्हणजे एका चौरस मीटरला 450 ग्रॅम, म्हणजे साडेसात-आठ किलो मॅट, आणि मॅट स्वतःच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन पिते, म्हणजे 17-19 किलो रेझिन. सुमारे 25 किलो वजन होडीवर चढलं, पैसे संपले, आणि ताकद किती वाढली तर जेमतेम एक मिलीमीटर जाडीची. कुजलेला ट्रान्सम आत तसाच. ह्याउलट ट्रान्सम नवा करायला, चार फूट बाय दोन फूट धरा, आतला थर, कडांचे पट्टे आणि चिकटवायची पुट्टी (रेझिनमध्ये पावडर कालवून केलेला दाट लगदा) सगळं मिळून आठ-नऊ किलोत भागतं. मी भाव मुद्दाम सांगत नाही कारण तो हलत असतो, किलो हलत नाहीत, तुम्ही दुकानात फोन करून गुणाकार करा.

मग वाळवणं. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग. आपल्याकडे गंमत बघा, होड्या वर ओढल्या जातात पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात, 1 जूनपासून, सगळ्यांना तेव्हाच मोकळा वेळ असतो आणि सगळ्यांना तेव्हाच रिपेरिंग आठवतं. आणि पॉलिएस्टर रेझिनला, म्हणजे आपण होड्यांना नेहमी वापरतो त्याला, सगळ्यात नावडता महिना कुठला असेल तर तोच. हवेत ओल, होडीत ओल, मॅटच्या गुंडाळीतसुद्धा ओल. माझं स्वतःचं सांगतो, सुरुवातीच्या वर्षांत एका ओळखीच्या माणसाची होडी मे महिन्याच्या शेवटी घेतली, वळवाचं आभाळ आलेलं, त्याला घाई, मला पैशाची गरज, संध्याकाळी सहा वाजता बुडाला पॅच मारला. हाताला सुकं लागलं म्हणजे सुकं, एवढीच तेव्हा अक्कल. ऑगस्टमध्ये होडी उतरवली आणि पंधरा दिवसांत तो माणूस पॅच हातात घेऊन दारात उभा. तव्यावरून घावन सुटावा तसा अख्खा सुटलेला, कुठे फाटलासुद्धा नव्हता. पैसे परत दिले आणि वर काम फुकट केलं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. खाऱ्या पाण्यात राहिलेली होडी आधी गोड्या पाण्याने तीन-चारदा वेगवेगळ्या दिवशी धुवायची, कारण आत मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं, दुपारी कोरडी वाटणारी जागा संध्याकाळी परत दमट होते. कुजलेलं लाकूड काढून मोकळं करायचं, त्याच्याशिवाय वाळत नाही. मग वरती मांडव, ताडपत्री किंवा झापं काहीही, पण बाजू मोकळ्या, वारा खेळला पाहिजे. नोव्हेंबरात सुरू केलं तर मी किमान महिना-दीड महिना देतो. वाळली की नाही बघायला दीड-दोन फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी टेप लावून पक्का चिकटवा, एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर अजून थांबा. आणि रेझिनचं काम सकाळी दहानंतर सुरू आणि चारला बंद, हिवाळ्यात पहाटेचं दव ताडपत्रीखालीही येतं.

नंतर घासणं, ह्यात कंटाळा केलात तर बाकी सगळं पाण्यात. जुन्या वाळलेल्या फायबरवर नवं रेझिन रासायनिकरीत्या एकजीव होत नाही, ते फक्त खरखरीत जागेला पकडून बसतं. म्हणजे पकड जेवढी तेवढंच काम. आधी साबणाच्या गरम पाण्याने माशांची चरबी, ऑइल काढा, मग असिटोनने पुसा आणि मग ग्राइंडर लावा, 36 नंबरची डिस्क. हा क्रम उलटा केला तर डिस्क ती चरबी फायबरमध्ये आणखी चोळते. रंग गेला पाहिजे, जेलकोट म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत चकचकीत थर गेला पाहिजे, काचेचे धागे मळकट पांढरे दिसले पाहिजेत. कुठे चमक राहिली तर तिथे पॅच धरणार नाही असं समजा. आणि जुन्या पॅचवर नवा पॅच नको, आधीच्याने काय केलंय ते त्याचं त्यालाच माहीत, उकरून काढा. कुणी सिलिकॉन फासलं असेल तर तो भाग ग्राइंडरच्या आधी ब्लेडने खरवडून पूर्ण काढा, सिलिकॉनच्या अंशावरही काही चिकटत नाही. मला कुणी विचारलं होडीचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, तर मी समुद्र म्हणणार नाही, सिलिकॉनची ट्यूब म्हणेन.

आता तुमचं रेझिन. साधं जीपी, म्हणजे जनरल पर्पज पॉलिएस्टर, स्वस्त, पण सतत पाण्यात राहणाऱ्या कामाला आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर, दुकानात आयसो म्हणून मागा, ते जास्त टिकतं आणि फरक सोसण्यासारखा असतो. एपॉक्सी जुन्या फायबरला आणि लाकडाला ह्या दोघांपेक्षा चांगलं धरतं ह्यात वाद नाही, पण महाग, आणि त्याच्यावर नंतर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही, म्हणजे एकदा त्या वाटेला गेलात की तिथे कायम एपॉक्सीच. शिवाय आपली नेहमीची मॅट एपॉक्सीबरोबर धड मऊ पडत नाही, कारण मॅटच्या धाग्यांना धरून ठेवणारा गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, एपॉक्सीत स्टायरिन नसतं. म्हणून तुमच्या बजेटला मी म्हणेन सगळीकडे आयसो, आणि पकडीची कमतरता घासून भरून काढा. कुणाच्या पडवीत राहिलेला गेल्या वर्षीचा डबा फुकट मिळाला तरी घेऊ नका, रेझिनला मुदत असते आणि आपल्या उन्हात ते डब्यातच दाट होतं.

हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करायला त्यात घालतात ते द्रव्य, किलोला 1 ते 2 टक्के. एप्रिल-मेच्या उन्हात 1, म्हणजे किलोला साधारण 10 मिली, डिसेंबर-जानेवारीत दीडच्या पुढे. मेडिकलमधून 10 मिलीची सिरिंज आणा, अंदाजाने झाकणातून ओतू नका. रोज काम सुरू करायच्या आधी कपात 100 ग्रॅमचं करून घड्याळ लावा, वीस-पंचवीस मिनिटांत जेली झाली तर बरोबर. आणि एकदम किलोभर कालवू नका, बादलीत ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर निघतो. उरलेलं तापायला लागलं तर बादली उचलून वाळूत ठेवा, मांडवाखाली नको.

ट्रान्समचं काम आतल्या बाजूने करा. आतला फायबरचा थर कडेने दोन इंच सोडून कापा, बाहेरचा थर तसाच ठेवा, तोच तुमचा साचा. कुजलेलं प्लाय छिन्नीने काढा, वाळवा, घासा. नवं प्लाय आयएस 710 शिक्क्याचं मरीन, इथे पैसे वाचवायचे नाहीत. 18 मिमीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून 36 मिमी होतात, पण आधी इंजिनच्या क्लॅम्पचा जबडा मोजा आणि शाफ्टही, म्हणजे इंजिनच्या खालच्या पायाची लांबी, बघा, शॉर्ट शाफ्टला ट्रान्समची उंची 15 इंच लागते, लाँगला 20. काकांचं आधीचं इंजिन आणि तुमचं वेगळं असेल तर दुरुस्त करायची संधी हीच. प्लायच्या सगळ्या बाजूंना, कडांना तर नक्कीच, पातळ रेझिन पाजा. मग बाहेरच्या थराला आतून रेझिनमध्ये भिजवलेली एक मॅट आणि त्यावर दाट पुट्टी लावून प्लाय दाबून बसवा, क्लॅम्प लावा, कडेने पुट्टी थोडी बाहेर आली पाहिजे, नाही आली तर आत पोकळी राहिली. सांध्यांना पुट्टीने गोलाई द्या, काटकोनात मॅट बसत नाही, हवा राहते. वरून मॅट, रोव्हिंग (विणलेलं जाड काचेचं कापड), मॅट, रोव्हिंग, मॅट आणि शेवटी परत एक मॅट, कडेचा प्रत्येक पट्टा आधीच्यापेक्षा दीड-दोन इंच पुढे. सगळे थर एका दिवसात चढवायचा हट्ट नको, दोन-तीन थरांनंतर थंड होऊ द्या, पण दुसऱ्याच दिवशी पुढचे.

बोल्टच्या भोकांसाठी एक छोटी युक्ती, ती केली नाही तर पाच वर्षांनी परत इथेच. 10 मिमीचा बोल्ट असेल तर 16 मिमीचं भोक पाडा, ते दाट पुट्टीने पूर्ण भरा, वाळल्यावर त्याच्या मधोमध 10 मिमीचं पाडा. म्हणजे पाणी शिरलं तरी त्याला लाकूड भेटतच नाही. सील करायला पॉलियुरेथेन सीलंट, ती सिलिकॉनची ट्यूब नव्हे.

बुडाच्या पॅचला नियम सोपा, जाडीच्या बारा पट उतार. बूड 6 मिमी असेल तर भोकाच्या चारी बाजूंनी 72 मिमीपर्यंत ताटलीसारखं उतरतं घासून घ्यायचं आणि त्यात थर भरायचे. सपाट जागेवर चिकटवलेला पॅच म्हणजे पाकिटावरचं तिकीट. आणि तुम्ही रोज होडी वाळूवर ओढणार असाल तर मधला कणा, पठाण म्हणतात तो, सगळ्यात आधी झिजतो, त्याच्यावर रोव्हिंगचे दोन थर जास्तीचे द्या, वजन वाढवायचंच तर तिथे वाढवा. बारीक फोड दिसतील काही ठिकाणी, फोडले की व्हिनेगरसारखा वास येतो, त्यांनी घाबरू नका, उघडा, धुवा, वाळवा, पुट्टी भरा.

बाकांखालचा फोम ओला असेल तर काढून टाका, पिळून वाळत नाही तो. नवं भरताना थर्माकोलवर थेट रेझिन ओतू नका, स्टायरिनने थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो, हौशी लोक दरवर्षी हे करतात. स्वस्तात करायचं तर बाकांखाली झाकण घट्ट बसणारे रिकामे कॅन बांधा, 20 लिटरचा एक कॅन जवळपास 20 किलो तोलतो. बुडाल्यावर होडी वर धरायला तेच.

म्हणजे क्रम असा: तपासणी, धुणं, कुजलेलं काढणं, वाळवणं, घासणं, ट्रान्सम, बूड, आणि उरलेल्या पैशात रंग. पाण्याच्या वर साधा एनॅमल चालतो. जेलकोट मारणार असाल तर शेवटच्या हातात वॅक्स सोल्यूशन घाला नाहीतर हवेत तो चिकटच राहतो. अँटीफाउलिंग, म्हणजे बुडावर शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा रंग, फक्त होडी खाडीत नांगरून ठेवणार असाल तरच.

दोन गोष्टी हसण्यावारी नेऊ नका. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून त्यात घालतात ते दुसरं द्रव्य) एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोटसुद्धा होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर, आणि दुकानदाराला विचारा की रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलंय का. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, गॉगल लावा, आणि गेलाच तर तिथल्या तिथे पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धुवून तसेच डॉक्टरकडे. घासताना मास्क, पूर्ण बाह्या, आणि आंघोळ थंड पाण्याने, गरम पाण्याने काचेची खाज आणखी आत जाते असा माझा अनुभव.

आणि सगळ्याच्या आधी, म्हणजे डिस्क विकत घ्यायच्याही आधी, काकांच्या नावावरची नोंदणी बघा. कागद कुठे आहेत, नंबर चालू आहे का, तुमच्या नावावर कशी होईल, मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. कागदाविना ती समुद्रात नेता येणार नाही आणि तिच्यावर घातलेले पैसे परतही येणार नाहीत.

ह्या रविवारी भोकं पाडा. ट्रान्समला सहा, प्रत्येक स्ट्रिंगरला चार, आणि प्रत्येक भोकाचा भुसा वेगळ्या कागदावर ठेवून वर नंबर घाला. किती सुके, किती ओले एवढं कळवा, आणि ट्रान्समची वरची रुंदी, खालची रुंदी, मधली उंची. प्लाय किती लागेल आणि कुठल्या दिशेने कापायचं ते मी माप काढून सांगतो.